सरकारविरुद्ध लढायला सरकारी खर्चाने वकील?

प्रश्न : रस्त्याच्या रुंदीकरणात आमच्या शेजाऱ्यांची पाऊण एकर जमीन गेली. मोबदला फारच कमी मिळाला म्हणून त्यांनी दाद मागितली. वकील करायची ऐपत नव्हती, तर त्यांना 'विधी सेवे'तून वकील मिळाला, एक पैसाही न देता. म्हणजे भांडण सरकारशी आणि वकिलाची फीसुद्धा सरकारच भरणार! सरकार आपल्याच विरोधात भांडणाऱ्याचा खर्च का करतं? आणि असा वकील खरंच जीव लावून भांडतो का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : भरतं, कारण भरावंच लागतं. सरकारच्या मनाच्या मोठेपणाचा इथे काही संबंध नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 39-क नुसार पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या दुबळेपणामुळे कोणाचीही न्यायाची वाट अडू नये, याची काळजी घेणं आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम आहे. यात 'सरकारविरुद्धचे दावे सोडून' असं कुठेही लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर कलमाला फारसा अर्थच उरला नसता. गरीब माणसाची कोर्टाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा सरकारमुळेच. पोलीस पकडतात, भूसंपादन होतं, रेशनकार्ड रद्द होतं, झोपडी पाडली जाते. दोन श्रीमंत भावांच्या वाटणीच्या दाव्यात सरकार क्वचितच असतं.

गंमत म्हणजे हे कलम घटनेत आलं ते 42 व्या दुरुस्तीने, 1976 साली, म्हणजे ऐन आणीबाणीत. हजारो माणसं विनाचौकशी स्थानबद्ध होती, वकील असूनही त्यांचा उपयोग होत नव्हता, आणि त्याच दिवसांत गरिबाला फुकट वकील देण्याचं वचन लिहिलं जात होतं. 3 जानेवारी 1977 पासून ते लागू झालं. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत बसवलेलं होतं, आणि मार्गदर्शक तत्त्व मोडलं म्हणून सरकारला थेट कोर्टात खेचता येत नाही. वचन दिलं, पण वसुलीची सोय ठेवली नाही.

ती सोय पुढे झाली, आणि तिच्यात आपल्या मुंबईचा हात बराच मोठा आहे. गरिबांना कायद्याची मदत मिळावी म्हणून मुंबईत 1920 च्या दशकातच एक संस्था निघाली होती, बॉम्बे लीगल एड सोसायटी. पण ते झालं खासगी दातृत्व. सरकारने हे काम अंगावर घ्यावं की नाही, हे तपासायला मुंबई सरकारने 1949 साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुका, जिल्हा, बृहन्मुंबई आणि राज्य अशी उतरंड समितीने सुचवली. आजच्या विधी सेवेचा सांगाडा जवळजवळ हाच आहे. अहवाल चांगला होता, पण पैसा नाही म्हणून बासनात गेला. 1958 साली विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं : गरिबाला वकील देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत. तोही अहवाल वाचला गेला आणि ठेवून दिला गेला.

मग 1970 साली गुजरात सरकारने अशीच समिती नेमली. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. एन. भगवती, म्हणजे मुंबईच्या समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव. वडिलांचा अहवाल धूळ खात पडला आणि मुलाने वीस वर्षांनी तोच विषय हाती घेतला. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्यांनी आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो असा लावून धरला की सरकारला मागे सरकायला जागा उरली नाही. समित्यांनी शिफारशी करायच्या आणि मंत्रालयाने 'निधीची अडचण' असा शेरा मारायचा, हा खेळ मोडला तो न्यायालयाच्या निकालांनी.

त्यातला पहिला मोठा निकाल महाराष्ट्रातलाच. 'एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य', 1978. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल फार गंभीर चेहऱ्याने सांगतात. मूळ हकिकत मात्र भलतीच आहे. आरोपी सौराष्ट्र विद्यापीठात रीडर, स्वतः पीएच.डी. त्याने मुंबईतल्या एका ब्लॉकमेकरकडे धारवाडच्या विद्यापीठाचा शिक्का करायला टाकला, सोबत अधिकारपत्र जोडलं तेही बनावट. बेत अर्थातच खोट्या पदव्यांचा. सत्र न्यायालयाने त्याच्या शिक्षणाकडे आणि घराण्याकडे पाहून न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढ्यावर सोडलं. उच्च न्यायालयाला हा लाड पटला नाही. त्यांनी शिक्षा तीन वर्षांवर नेली. हा गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, आणि कारण दिलं की उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कलच आपल्याला मिळाली नाही. तुरुंग अधिकारी म्हणत होते की दिली. कैद्याची सही असलेली पोच मात्र सापडेना.

त्याचं अपील फेटाळलंच गेलं. सहानुभूती वाटावी असा तो माणूसही नव्हता. पण फेटाळता फेटाळता न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन गोष्टी पक्क्या करून ठेवल्या : कैद्याला निकालाची नक्कल वेळेवर आणि फुकट मिळालीच पाहिजे, आणि अपिलासाठी वकील करायची त्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने वकील नेमून द्यावा व त्याची फी राज्याने भरावी. आधार घेतला अनुच्छेद 21 चा, जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा. हा हक्क मात्र कोर्टातून वसूल करता येतो. इथून पुढे फुकट वकील ही मेहरबानी राहिली नाही.

लगोलग 1979 मध्ये बिहारचं 'हुसैनारा खातून' प्रकरण आलं. गुन्ह्याला असलेल्या शिक्षेपेक्षाही जास्त काळ तुरुंगात सडणारे कच्चे कैदी त्यातून देशाला दिसले. 1981 मध्ये भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात बिहार सरकारचं पैशाच्या चणचणीचं रडगाणं न्यायालयाने ऐकून घेतलं नाही. घटनेने सांगितलेलं कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येत नाही, आणि आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात त्या क्षणापासून त्याला वकील मिळाला पाहिजे, हे तिथे ठरलं. 1949 च्या अहवालाला जे उत्तर मिळालं होतं, त्याला हे प्रत्युत्तर आलं बत्तीस वर्षांनी.

आणि मग शीला बारसे. वाचकहो, हे नाव आजच्या पिढीला ठाऊक नसेल तर तो आपला सगळ्यांचा दोष. मुंबईतल्या या पत्रकार बाईंनी मे 1982 मध्ये परवानगी काढून मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणं केलं. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. खातरजमा करायला पाठवलं कोणाला? पोलिसांना नाही, तर निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना. त्यांच्या अहवालातून एक गोष्ट अशी निघाली की वाचताना चीड येते : एक जर्मन आणि एक थाई बाई तुरुंगात होत्या, आणि वकिलाने फीच्या नावाखाली त्यांचं सामान आणि दागिने यांतला जवळपास अर्धा ऐवज लाटला होता. वकील नसणं वाईट, पण असा वकील असणं त्याहून वाईट.

15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बांधून घातलं. अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवायचं, समितीने आरोपीला मदत द्यायची, आणि समितीला त्यासाठी लागणारा पैसा राज्याने द्यायचा. राज्याच्या धोरणात गरिबाच्या वकिलाला जागा मिळाली ती अशी. कोणी पत्र लिहिलं, कोणी तुरुंगात जाऊन माणसांशी बोललं, कोणी फेटाळलेल्या अपिलातून नियम काढला.

संसदेने विधी सेवा प्राधिकरण कायदा केला 1987 मध्ये. लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. मधली आठ वर्षं कुठे गेली, हे विचारायची सोय नाही. 9 नोव्हेंबरला आता विधी सेवा दिन साजरा होतो, फलक लागतात, प्रभातफेऱ्या निघतात.

आता सांगोल्याच्या वाचकांच्या मूळ शंकेकडे. पैसे सरकारचे असले तर वकील सरकारचाच माणूस होणार नाही का? यावर कायद्याने केलेली तोड अशी, की थैली सरकारची आणि किल्ली न्यायाधीशांकडे. केंद्राचं आणि राज्याचं अनुदान विधी साहाय्य निधीत जमा होतं. तो निधी चालवणाऱ्या राज्य प्राधिकरणाचे आश्रयदाते उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतात, आणि कार्याध्यक्ष उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, सेवेतले किंवा निवृत्त. जिल्ह्याला प्रमुख जिल्हा न्यायाधीश, तालुक्याला तिथले ज्येष्ठ न्यायाधीश. तुमच्या शेजाऱ्यांचा वकील नेमताना जिल्हाधिकाऱ्यांना किंवा बांधकाम खात्याला कोणी विचारत नाही. हे चांगलं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण थैलीचं तोंड किती उघडायचं हे अजून सरकारच्याच हातात आहे, आणि खरी गोम तिथे आहे. 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने मांडलेला हिशेब असा, की देशात विधी साहाय्यावर माणशी वर्षाला साधारण सहा रुपये खर्च होतात. सहा रुपयांत जीव लावून भांडणारा वकील कसा मिळायचा, ते तुम्हीच सांगा.

तो जीव लावून भांडतो का, याचं प्रामाणिक उत्तर 'कधी कधी' असं आहे. पॅनेलवर काही वकील खरोखर तळमळीचे असतात. मोठमोठ्या वकिलांची सुरुवात अशाच खटल्यांतून झालेली आहे. पण प्रत्येक प्रकरणामागे मिळणारं मानधन तुटपुंजं, त्याचं बिल उशिरा निघणार, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात पैसे देणारा पक्षकार उभा. मग तारीख मागून घेतली जाते. कोर्टाच्या आवारात 'फुकटचा वकील' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो ते एकदा जाऊन ऐका. लोक दागिने गहाण टाकून खासगी वकील करतात, ते उगीच नाही.

याच दुखण्यावर 2022 पासून फौजदारी खटल्यांपुरता एक उपाय सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं उघडली. हे वकील खासगी प्रॅक्टिस करत नाहीत, ठरलेलं मानधन घेतात आणि फक्त आरोपींचा बचाव करतात. सरकारी वकील जर पगारावर खटला चालवतो, तर बचाव करणाराही पगारावर का नसावा? मला ही कल्पना पटते. एका अटीवर. त्यांच्या डोक्यावर प्रकरणांचा एवढा ढीग टाकू नये की त्यांना आरोपीचं नाव कागदावर पाहून वाचावं लागेल. जमीन, पोटगी, भाडं, मजुरी असल्या दिवाणी प्रकरणांत मात्र अजून जुनी पॅनेलचीच पद्धत आहे. तुमच्या शेजाऱ्यांना मिळाला तो पॅनेलचा वकील. त्याचं काम पटत नसेल तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे साध्या अर्जाने वकील बदलून मागता येतो. आणि त्याने स्वतःसाठी एक रुपया जरी मागितला तरी तो नियमभंग आहे. 'टायपिंगचे द्या', 'झेरॉक्सचे द्या' हेही त्यातच आलं. कोर्ट फी, नक्कल, टंकलेखन, भाषांतर हे सगळं मदतीतच धरलेलं असतं.

एक निकाल जाता जाता सांगतो, कारण तो फारसा कोणाला माहीत नसतो. महाराष्ट्र सरकार कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालयांना अनुदान देत होतं आणि खासगी विधी महाविद्यालयांना देत नव्हतं. मनुभाई वशी यांनी हा भेदभाव न्यायालयात नेला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की चांगले वकीलच तयार झाले नाहीत तर 39-क पाळणार कसं? आणि विधी महाविद्यालयांनाही अनुदान द्यायला लावलं. गरिबाचा वकील घडवायचा तर खर्च वर्गखोलीपासून सुरू होतो, हे त्या निकालाने सरकारच्या गळी उतरवलं.

प्रश्न : मोफत वकिलासाठी गरीब कोण, हे ठरवतं कोण? मला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितलं. दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यात अपिलाची मुदत संपत आली आहे.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : आधी तातडीचं सांगतो. दाखल्याची वाट पाहत बसू नका. कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट आहे की उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण असेल तरच पुढची चौकशी. म्हणजे तलाठ्याचा अहवाल, सेतूची रांग, मग तहसीलदारांची सही, ही सगळी वरात कायद्याने सक्तीची केलेली नाही. ती सवयीने सक्तीची झाली आहे. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कोणी स्टॅम्प पेपर आणायला पिटाळलं तर तेही ऐकू नका. साध्या कागदावर लिहा आणि अर्जात कलम 13 चा उल्लेख करा. खिडकीमागच्या माणसाचा सूर कलमाच्या आकड्याने पुष्कळदा बदलतो.

दुसरं, उत्पन्न पाहायची वेळ प्रत्येकावर येतच नाही. कलम 12 ची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, लहान मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, मानवी तस्करीत किंवा वेठबिगारीत सापडलेला माणूस, जातीय अत्याचार, पूर, भूकंप, दुष्काळ यांनी होरपळलेला माणूस, या कोणालाही उत्पन्नाची मर्यादा नाही. दुष्काळ हा शब्द कायद्यात चक्क लिहिलेला आहे. सांगोल्याच्या आणि उदगीरच्या, दोन्ही वाचकांनी तो अधोरेखित करून ठेवावा. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षात नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याने या सदराखाली अर्ज केल्याचं फारसं ऐकू येत नाही. ते का, हे मला कोडंच आहे.

उरलेल्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा. कायदा झाला तेव्हा त्यात आकडा होता वर्षाला 9 हजार रुपये, आणि तो वाढवायचा अधिकार राज्य सरकारांना दिला. महाराष्ट्रात आणि गोव्यात आज तो 3 लाख आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी 5 लाख, पण तो केंद्राने ठरवलेला. तीन लाख म्हणजे महिन्याला 25 हजार. पुण्या-मुंबईत बारा तासांची पाळी आणि वर ओव्हरटाइम करणारा सुरक्षारक्षक, भाड्याची रिक्षा चालवणारा माणूस चांगल्या महिन्यांत या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. घरभाडं भरून त्याच्या हातात काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आकड्यापुढे हजार रुपये गेले की तो कायद्याच्या लेखी सधन.

महागाई भत्ता वर्षातून दोनदा फिरतो. गरिबीची ही रेघ मात्र कोणी मुद्दाम हलवल्याशिवाय हलत नाही. ती हलवायला विधानसभेत नवा कायदा लागत नाही. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून राज्य सरकार नियमांत बदल करू शकतं. मंत्रालयातल्या एका फाइलीचा हा विषय आहे.

प्रश्न : माझ्या वहिनीला बँकेत चांगला पगार आहे. तिलाही पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या केसमध्ये मोफत वकील मिळाला. हा गरिबाच्या हक्कावर डल्ला नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. स्त्री असणं एवढं कायद्याला पुरतं. याबद्दल कुरकुर नेहमी होते. मला ती पटत नाही. पगार कोणाच्या नावे जमा होतो आणि एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर तासभर बसलं तरी कळतं. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे काही वाद यांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ केली आहे. वहिनींनी ती भरली असेल तर वकिलाला विचारायला सांगा.

प्रश्न : कसाबला सरकारी खर्चाने वकील दिला, तेव्हा आमच्या घरात सगळेच चिडले होते. अशा माणसावर कर भरणाऱ्यांचा पैसा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण वकिलाशिवाय दिलेली फाशी टिकली नसती. हे झालं व्यवहारी उत्तर. दुसरं उत्तर 29 ऑगस्ट 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि त्याचा फायदा कसाबपेक्षा तुमच्या-आमच्यासारख्यांनाच जास्त झाला. त्याच्या बाजूने मुद्दा मांडला गेला की अटकेनंतर सुरुवातीला त्याला वकील नव्हता. न्यायालयाने तो मानला नाही. तो पाकिस्तानी वकीलच हवा म्हणून अडून बसला होता, असं त्यांनी दाखवून दिलं आणि फाशी कायम केली. पण त्याच निकालात देशातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटना आदेश दिला : आरोपी पहिल्यांदा पुढे आणला जाईल तेव्हा त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो राज्याच्या खर्चाने मिळेल, हे स्वतःहून सांगायचं. न सांगितलं तर ती कर्तव्यात कसूर, आणि खातेनिहाय कारवाईला कारण. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून उचललेल्या एखाद्या पोराला रिमांडच्या वेळी आज वकील मिळत असेल, तर त्यामागे हाही निकाल आहे. 1986 च्या 'सुक दास' निकालाने आधीच सांगितलं होतं की आरोपीने वकील मागितला नाही एवढ्यावरून त्याला तो नाकारता येत नाही. हक्कच माहीत नसलेला माणूस मागणार कसा?

ही माहिती पोचवण्याचं काम अजून अर्धवटच आहे. 'सुहास चकमा' प्रकरणात ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की तुरुंगांतली मदत केंद्रं नीट चालली पाहिजेत, आणि पोलीस ठाण्यात, बसस्थानकावर विधी सेवेचा पत्ता व फोन नंबर लोकांच्या भाषेत लावला पाहिजे. तुमच्या गावच्या स्टँडवर तो दिसतो का, जरा पाहा.

शेवटी ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी. तालुका न्यायालयाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. अर्ज मराठीत, साध्या कागदावर. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. तो लिहून घेऊन तुमची सही किंवा अंगठा घेणं हे त्यांचं काम आहे. निर्णय शक्यतो सात दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. घरबसल्या विचारायचं तर 15100 हा देशभर चालणारा नि:शुल्क नंबर.

आणि ज्यांना स्वतःला गरज नाही त्यांनी एक पोस्टकार्ड खर्चावं. आपल्या आमदारांना आणि विधी व न्याय विभागाला दोन गोष्टी विचारा : 3 लाखांची मर्यादा महागाईला कधी जोडणार, आणि पॅनेलच्या वकिलांची थकलेली बिलं कधी देणार? उत्तर आलं तर या सदराकडे जरूर पाठवा, छापू.